लेथ, ट्यूबलाइट आणि उडती माशी

जुन्या मशीनशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही हा प्रकार ठाऊक असतो. लेथचा चक, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) धरणारा जबडेवाला भाग, जोरात फिरत असतो आणि वरच्या चोकवाल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो जागच्या जागी उभा दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेऱ्या घेत असला की दोन उजेडांच्या मध्ये बरोबर एक-तृतीयांश फेरी होते, एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येतो आणि डोळा फसतो. थांबलाय समजून कुणी हात घातला तर हात गेला. म्हणून जाणता इलेक्ट्रिशियन शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा फोरमननी सगळ्यांत आधी हेच दाखवलं होतं.

पुढं उडत्या किड्यांच्या फोटोंचा नाद लागला तेव्हा कॅमेऱ्यांच्या जाहिरातींपेक्षा हा चकच जास्त कामाला आला. फिरतं ते थांबलेलं दिसायला उजेड क्षणभरच पडावा लागतो, एवढंच त्यातलं तत्त्व. माशीच्या पंखालाही तेच लागू. कॅमेऱ्याचं शटर किती वेगवान, हा प्रश्न इथं जवळजवळ गैरलागू आहे. आजूबाजूला अंधार करायचा आणि उजेड इतका थोडा वेळ पाडायचा की तेवढ्यात पंखाला हलायला सवडच मिळू नये.

अर्थात उडत्याकडं जाण्याआधी बरेच दिवस बसलेलेच किडे काढत होतो. जुना क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, किटमधली लेन्स, मध्ये लेन्स पुढं सरकवणारी पोकळ एक्स्टेन्शन ट्यूब. मॅक्रो लेन्स नंतर आली. जवळून फोटो काढताना सगळं अडतं ते फोकसच्या खोलीपाशी. १:१ ला, म्हणजे सेन्सरवर किड्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा, एफ ११ ला (एफ आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) माझ्या कॅमेऱ्यात जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. डोळा धरला तर मिशा गेल्या, मिशा धरल्या तर डोळा गेला. मग भोक आणखी लहान करावं म्हटलं तर तिथं दुसरी अडचण. लेन्स पुढं सरकली की खरा एफ आकडा वाढतो, १:१ ला थेट दुप्पट होतो. डायलवर ११ दिसतात, काम २२ चं चाललेलं असतं. त्याहून पुढं गेलं की बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळा फोटोच दुधाळ होतो. शॉपमध्ये आम्ही शंभराव्या भागात मिलिमीटर मोजतो, त्यामुळं एका मिलिमीटरचं मला काही वाटायला नको होतं. पण जॉब चकात घट्ट धरलेला असतो आणि किडा गवताच्या पात्यावर वाऱ्यानं झुलत असतो.

यावर उपाय थंडीतल्या सकाळी. बेळगावची डिसेंबरमधली पहाट कशी असते ते इथल्याला सांगायला नको. चतुर रात्रभर गवतावर बसून दवानं भिजलेला असतो आणि अंगाला ऊन लागल्याशिवाय त्याला उडता येत नाही. तोवर तुम्ही तिपाई लावा, इंच इंच सरका, तो तुमच्याकडं बघत राहतो. संध्याकाळी अशीच संधी निळ्या पट्ट्याच्या माशीची. काळ्या पोटावर चमकत्या निळसर पट्ट्या असलेली ही एकटी राहणारी मधमाशी. तिचे नर अंधार पडायच्या सुमाराला कुंपणाच्या वाळक्या काडीवर ओळीनं येतात, काडी जबड्यात धरतात आणि तसेच झोपतात. पाय सुटले तरी जबडा सुटत नाही. बहुधा रोज त्याच काडीवर येतात, त्यामुळं एकदा काडी सापडली की काम झालं.

किडा फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करून फोटो काढणारेही लोक आहेत. मला ते पटत नाही, आणि चांगुलपणा बाजूला ठेवला तरी तो फोटो ओळखू येतो. पाय आखडलेले, मिशा पडलेल्या, डोक्याचा कोन चुकीचा. माशी बघितलेल्या माणसाला तो लगेच खटकतो.

तर, पंख. मधमाशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख हलवते. पंख एक सेंटिमीटरचा धरू. त्याचं टोक एका फटक्यात दीडेक सेंटिमीटरची कमान काढतं, जाऊन-येऊन तीन. म्हणजे सेकंदाला सातेक मीटर. १/१००० सेकंद हे शटर ऐकायला भारी वाटतं, पण तेवढ्यात टोक सात मिलिमीटर सरकलेलं असतं, म्हणजे फोटोत पंखाच्या जागी धूर. १/२०,००० सेकंद मिळाला तर सरकणं मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं, ते चालतं. फुलपाखरू सेकंदाला दहाएक वेळा पंख मारतं, चतुर तीसेक वेळा, डास चारशेच्या पुढं. म्हणजे ‘उडते किडे’ असा एक विषयच नाही, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. जुन्या काळी हा हिशेब डोळ्यांनी लावायचाही प्रयत्न झालाय: फ्रान्समधल्या एतियेन-ज्यूल मारे यांनी १८६० च्या दशकात गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याचा वर्ख चिकटवला, तिला उन्हात धरलं आणि हवेत चमकणारी इंग्रजी आठच्या आकड्याची रेघ पाहिली. टोक नुसतं वर-खाली जात नाही, ते पुढं-मागं वळतही जातं, हे त्यातून कळलं.

इतका छोटा उजेड कुठून आणायचा? ज्याची ताकद हातानं कमी-जास्त करता येते अशा साध्या फ्लॅशमध्येच तो असतो. फ्लॅशची ताकद कमी करतो तेव्हा आतला दिवा मंद पेटत नाही, तो लवकर विझवला जातो. म्हणून कमी ताकद म्हणजे छोटा क्षण. किती छोटा, हे स्वस्तातल्या फ्लॅशच्या माहितीपत्रकात धड दिलेलं नसतं. मग शॉपमध्येच मोजलं. दोनशे मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची चकती चकात धरली, कडेजवळ स्क्राइबरनं बारीक रेघ मारली, लेथ २००० फेऱ्यांवर सोडला, दिवे घालवले आणि लांब उभं राहून फ्लॅशवर फोटो काढले. या वेगाला चकतीची कड सेकंदाला २१ मीटर पळते, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात २१ मिलिमीटर. फोटोत रेघ जितकी फासली गेली तितका वेळ फ्लॅश जळत होता, साधं गणित. पूर्ण ताकदीला रेघेचा नुसता फराटा. १/३२ ताकदीला ती दोनेक मिलिमीटर फासली, म्हणजे क्षण १/१०,००० सेकंदाच्या आसपास. १/१२८ ताकदीला पाऊण मिलिमीटरच्या आत, म्हणजे १/३०,००० च्या घरात. कागदावर हे आकडे मांडले तेव्हा शेजारच्या मिलिंगवरचा कामगार म्हणाला, ‘‘एवढं मोजमाप माशीसाठी? जॉबला कधी करत नाहीस.’’

एक सूचना मात्र ठळक द्यायला हवी. फ्लॅशला ‘हाय स्पीड सिंक’ नावाची सोय असते आणि नाव ऐकून माणूस तीच चालू करतो. इथं ती उलटी पडते. त्यात फ्लॅश एकदाच न पडता शटर सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो, सलग दिव्यासारखा. पंख पुन्हा धूर. ती बंद ठेवायची आणि शटर १/२०० वर.

आता १/२०० म्हणजे माशीच्या हिशेबानं युगच. तेवढ्या वेळात ऊन आपला स्वतःचा फोटो काढून मोकळं होतं. एफ ११, १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० हे भर उन्हातलं बरोबर एक्स्पोजर आहे. जवळ गेल्यानं उजेड थोडा घटतो, तरी उरतो तो पुरेसा असतो. परिणाम असा की फ्लॅशनं काढलेली स्पष्ट माशी आणि तिच्यावर उन्हानं काढलेलं तिचंच भूत, असे दोन थर एका फोटोत येतात. म्हणून सावली हवी. माझी पद्धत ठरून गेली आहे: जागेवर गेल्यावर आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो काळा आला तर पुढं जायचं, नाहीतर छत्री उघडायची.

काळ्या फोटोचा तोटाही आहेच. मागचं सगळं काळं पडतं आणि भर सकाळी काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटतो. मग एक फ्लॅश मागच्या पानांसाठी वेगळा लावावा लागतो. पुढचे दोन माशीसाठी, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना. त्यांचे हात ॲल्युमिनियमच्या पट्टीतून शॉपमध्ये करून घेतले; कॅमेऱ्याच्या बुडाचे आटे पाव इंच व्यासाचे, इंचाला वीस असतात, ते पाडायचा टॅप आमच्याकडं पडलेलाच होता. उजेड मऊ करायला कुंद्याचे पांढरे प्लॅस्टिकचे डबे कापून लावले आणि आतून ट्रेसिंग पेपर. विकतचे डिफ्यूझर मी वापरून बघितलेत, कुंद्याचा डबा त्यांच्यापेक्षा कमी नाही. शिवाय आधी कुंदा खायला मिळतो.

उडत्या किड्याचा पहिला पटण्यासारखा फोटो घरच्या मैदानावरच मिळाला, शॉपच्या मागच्या भिंतीपाशी. तिथं जुनी जिग-फिक्स्चर, म्हणजे जॉब धरायची साधनं, मांडून ठेवलेली असतात आणि त्यातली रिकामी भोकं कुंभारणी बुजवतात. ही बारीक कमरेची एकटी गांधीलमाशी. भोकात अंडं, डंख मारून लुळ्या केलेल्या पण जिवंत अळ्या आणि वरून चिखलाचं बूच. एम ८ चा बोल्ट का शिरेना म्हणून बघावं तर आत चिखल, आणि चिखलामागं हिरव्या अळ्या. फोरमन शिव्या घालतात. मला मात्र ही माशी फार सोयीची वाटली, कारण ती एकाच भोकाकडं, एकाच दिशेनं, पुन्हा पुन्हा येते.

माणसाचं बोट अशा कामाला निरुपयोगी आहे. दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. पोळ्याकडं सरळ निघालेली मधमाशी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरनं जाते, म्हणजे तेवढ्यात ती मीटरभर पुढं गेलेली असते. म्हणून बटण माशीनंच दाबायला हवं. पॅकिंग मशीनवरून उतरवलेला एक सेन्सर भंगारात होता. एका बाजूनं किरण, दुसऱ्या बाजूनं डोळा, मध्ये काही आलं की सिग्नल. असल्या खटपटीत बरेचजण एलडीआर (उजेडाप्रमाणं विजेचा रोध बदलणारा स्वस्त भाग) वापरतात, पण तो फार सुस्त. उजेड गेल्याचं त्याला उशिरा कळतं. मशीनवरचा सेन्सर मिलिसेकंदाच्या आसपास निर्णय देतो.

सेन्सर झटपट असला तरी कॅमेरा आपला सावकाश. आरसा उचलायचा, शटर उघडायचं, यात माझ्या कॅमेऱ्याचे साठेक मिलिसेकंद जातात. अळी घेऊन येणारी कुंभारीण ओझ्यामुळं भोकाजवळ हळू होते, सेकंदाला अर्धा मीटर धरा. साठ मिलिसेकंदात तीन सेंटिमीटर. मग किरण भोकापाशी न ठेवता तिच्या वाटेवर तीन सेंटिमीटर अलीकडं ठेवला. ती किरण तोडते, कॅमेरा जागा होतो, आणि तोवर ती फोकसच्या जागी पोचते. रिकामी बाहेर पडते तेव्हा हे जमत नाही, ती बंदुकीतून सुटल्यागत जाते. पण येतानाच्या फोटोत ती अळी पोटाशी लांबट धरून, जबड्यानं मान पकडून, पाय मागं सोडून तरंगताना दिसते आणि चारही पंखांच्या शिरा मोजता येतात. सेन्सर मात्र माणूस, धूळ, कूलंटचा फवारा, काहीही चालवून घेतो. मेमरी कार्डावर शॉपमधल्या बऱ्याच जणांच्या पँटचे स्पष्ट फोटो आहेत.

ही माझी अक्कल नव्हे. इंग्लंडच्या स्टीफन डाल्टन यांनी १९७० च्या दशकात हेच फिल्मवर केलं. किरण तुटला की फोटो, १/२५,००० सेकंदाचा फ्लॅश, आणि साधं शटर उघडेपर्यंत किडा निघून जातो म्हणून खास बनवलेलं झटकन उघडणारं शटर. त्यांना फोटो कसा आला हे फिल्म धुतल्यावर कळायचं. मला पाठीमागच्या पडद्यावर लगेच कळतं, तरी मी कुरकुरतो.

घाटातल्या जांबोटी-कणकुंबीकडं जाताना यातलं जवळजवळ काहीच नेत नाही. तिकडचा विषय फुलपाखरं, आणि त्यांना फ्लॅशची गरज नाही. पाऊस ओसरल्यावर चोर्ल्याच्या रस्त्याकडेच्या घाणेरीवर सदर्न बर्डविंग येतं, काळं-पिवळं, तळहाताहून रुंद. घाणेरीवर रस पितानाही ते पंख थांबवत नाही, फुलावर नुसते पाय टेकवून फडफडत राहतं. उन्हात १/३२०० सेकंद, आयएसओ ८०० आणि सलग फोटो, बस्स. पंख एवढा मोठा आणि फटका एवढा संथ की तेवढ्यात टोक फारतर एखादा मिलिमीटर सरकतं. त्याच झुडपावर ब्लू मॉर्मनही येतं. बर्डविंग कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं, ते २०१५ पासून. दोन्ही एका चौकटीत आलेला फोटो माझ्याकडं आहे, आणि तो दाखवला की इथं प्रत्येकजण आधी विचारतो, वर कुठलं आणि खाली कुठलं. भीमगड अभयारण्याच्या आत मात्र परवानगीशिवाय शिरायचं नाही. रस्त्याकडेला एवढं असताना गरजही पडत नाही. तिकडची दमट हवा लेन्सला बुरशी आणते, म्हणून पावसाळ्यात लेन्सचं बिऱ्हाड झिरोचा बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत.

खरं मन गुंतलं ते बेळगावजवळच्या कडोलीत, मामांच्या वांग्यांच्या मळ्यात.

वांग्याचं फूल बघितलंय सगळ्यांनी, पण त्याची रचना फार कमी जणांनी बघितलेली असते. जांभळ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या परागकोशांचा सुळका असतो. बहुतेक फुलांचे कोश उकलतात आणि पराग बाहेर येतो. वांग्याचे कोश उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. पराग आत, दार इवलंसं. पोळ्यातल्या मधमाशीला तो नीट काढता येत नाही. निळ्या पट्ट्याच्या माशीला येतो. ती सुळक्याला मिठी मारते, पंख मिटते आणि उडायला वापरतात तेच छातीचे स्नायू पंख न हलवता थरथरवते. त्या कंपनानं छिद्रांतून पराग तिच्या पोटावर सांडतो. टोमॅटोचंही तसंच. वारा फूल हलवतो तेव्हाही थोडं काम होतं, पण माशी गेलेलं फूल वेगळं. कुंपणावर झोपतात ते नर. वांग्यावर राबतात त्या माद्याच, कारण पराग पिल्लांसाठी हवा असतो. त्यांची बिळं बांधाच्या मातीत.

मला ती फुलासमोर अधांतरी असताना हवी होती, उतरण्याआधी किंवा सुटल्यावर. इथं किरण लावून उपयोग नाही. फुलं शेकडो, ती कुठल्या फुलावर येईल ते तीच ठरवणार. कॅमेरा हातातच धरावा लागतो. १:१ चा हट्ट सोडून १:३ वर आलो. तिथं चौकट सातेक सेंटिमीटर रुंद मिळते आणि एफ १६ ला स्पष्ट थर सात-आठ मिलिमीटर जाड. माशी स्वतः साधारण बारा मिलिमीटरची, म्हणजे ती बरोबर आडवी आली तर पुरी स्पष्ट. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तिला शोधणं व्यर्थ आहे, तोवर ती तिसऱ्या झाडावर असते. म्हणून लेन्सच्या पुढं दोन बारीक पोलादी तारा बसवल्या, चौकटीच्या जरा बाहेर संपणाऱ्या. फोकस कायमचा त्या तारांच्या टोकांच्या रेषेत. कॅमेऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि तारांच्या मध्ये माशी आली की दाबायचं.

तरी बोटाचा सेकंदाच्या पाचव्या भागाचा उशीर होताच. तो भरून काढला कानानं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, वाफ्यात उकिडवं बसून बसून कळलं. उडतानाचा तिचा गुणगुणाट खालच्या पट्टीत असतो. फुलावर थरथरताना पट्टी एकदम चढते, तोकड्या तोकड्या तुकड्यांत, ‘झीं, झीं, झीं’. शेवटचा तुकडा संपला की क्षणभर शांतता, मग ती सुटते आणि फुलासमोर तरंगत पोटावरचा पराग मागच्या पायांकडं ओढते. ती शांतता म्हणजे माझी घंटा. तिथं बोट आवळायला सुरुवात केली की फोटो लागतो. डोळा कायम उशिरा पोचायचा, कान आधीच हजर. दोन वाफ्यांवर पाण्याची मोटार चालू असली की सगळा खेळ बंद.

वेळ सकाळची, ऊन वाफ्यात उतरण्याआधीची. आठनंतर छत्री. छत्री धरायला मामेभावाला उभं करायचो, तो मोबाइल बघत छत्री आपल्या डोक्यावर नेतो.

‘‘काय करालास रे तिथं बसून?’’ मामा बांधावरून विचारायचे.

‘‘माशी काढतोय, मामा.’’

‘‘घरात काय कमी हायत?’’

एकदा सगळ्या वाफ्यात एकही माशी दिसेना. फुलं टवटवीत, हवा छान, आणि आवाज नाही. आदल्या सकाळी फवारणी झाली होती. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते, ती एकदा आत शिरली की औषध पोचत नाही, त्यामुळं शेतकरी शिरायच्या आधीच मारू बघतो. संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर फवारलं तर त्यांना कमी झळ पोचते, हे मी मामांना सांगून बघितलं.

‘‘संध्याकाळी माणूस कोण देतंय? तू येतोस पंप घेऊन?’’

गेलो की. दोनदा. खांद्याचा पट्टा अजून आठवतो. त्यानंतर फवारणी कधी सकाळी, कधी संध्याकाळी, जसा माणूस मिळेल तशी. मी आपला निघण्याआधी फोन करून विचारतो.

मळ्यातल्या घरासमोर तुळस आहे आणि तिनं फार काम सोपं केलं. वांग्याच्या फुलात मध नसतो, त्यामुळं त्याच माद्या मधासाठी तुळशीवर येतात. तिथं पराग काढायचा नाही, बसायचंही नाही फारसं. एका मंजिरीपासून दुसरीपर्यंत जाताना ती सोंड पुढं काढूनच ठेवते, आणि ओळीनं खालून वर जाते. खालच्या फुलावर आली की तारा वरच्या फुलापाशी नेऊन वाट बघायची. मामींचा आक्षेप होता तो चपलांबद्दल, फोटोबद्दल नव्हता.

तुळशीपाशी मिळाले ते फोटो देखणे आहेत. पंख काचेसारखे, सोंड सरळ, पोटाच्या निळ्या पट्ट्यांवर कुंद्याच्या डब्याचा मऊ उजेड. पण वांग्यावरचा एकच, फुलातून नुकती सुटलेली, पोटावर परागाचा पिवळा थर आणि मागचे पाय झाडण्यासाठी उचललेले, तो मला जास्त पटतो. डावा पंख जरा फोकसबाहेर आहे. असू दे.

तो मोठा छापून मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद दारातल्या उजेडात धरला आणि बराच वेळ माशीच्या वरच्या कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं मागच्या फ्लॅशनं उजळलेलं पुसट झाड होतं.

‘‘हे कुठल्या वाफ्यातलं?’’

‘‘विहिरीकडच्या.’’

‘‘मागं शेंड्यानं मान टाकलीय बघ. अळी शिरलीय आत.’’ आणि कागद माझ्या हातात देऊन, कोयता घेऊन, ते विहिरीकडं गेले. फोटो महिनाभरापूर्वीचा आहे हे सांगायला मी मागून पळालो, पण तोवर त्यांनी तीन शेंडे छाटले होते, आणि तिन्हींत अळी होती.